सांग वं तिले

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत मजूर परवडत नसत. राळेगावजवळच्या आमच्या शेतात आई, काकू आणि मीच वेचणीला जायचो. दोघी जावांचं कशावरूनही वाजायचं, मग अबोला. मी मधल्या ओळीत असायचे. आई मला मोठ्यानं म्हणायची, "सांग वं तिले, बोंडात कापूस ठेवून राह्यली म्हणा." काकूही मलाच सांगायची, "तिले म्हणा, आपलं पाह्य." निरोप मला कधी द्यावाच लागला नाही. संध्याकाळपर्यंत मी बाजूला पडायचे आणि दोघी थेट भांडायच्या. तोच समेट.

पुढे दोघींकडे गाण्यांचे मोबाइल आले. शेतात आता कशी शांतता असते, असं काका कौतुकानं सांगायचे. मला त्या शांततेची चीड यायची.

असाच एक अबोला चालू होता. दुपारी आईनं कानातली वायर काढली आणि नेहमीसारखं मोठ्यानं म्हणाली, "सांग वं तिले, जेवाले ये म्हणा."

काकू शेजारच्याच ओळीत होती. कानात वायर, ओठांवर गाणं.

मी ओळ ओलांडली आणि तिच्या खांद्याला हात लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो निरोप मला पोचवावा लागला.