टॅबलेट न घेता परत आलो

मंडळी, आज हाटकेश भागातल्या एका दुकानात ड्रॉइंग टॅबलेट घ्यायला गेलो होतो. आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलं, पण आता सगळ्यांना फ्लेक्सच हवा, म्हणून कॉम्प्युटरवर शिकायचं ठरवलं.

छोटा घ्यावा की मोठा, ते बघायला पेन हातात घेतलं. सवयीने आधी ‘श्री’ लिहिलं, कुठलीही पाटी मी तशीच सुरू करतो. माझी नजर हातावर, आणि हाताखाली टॅबलेट कोराच. अक्षर समोरच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर उमटलेलं, तेही बालवाडीतल्या पोरासारखं.

दुकानदार म्हणाला, “हाथ मत देखो अंकल, स्क्रीन देखो.”

मोठ्यावरही तेच झालं. ब्रशच्या टोकावरून नजर हलवायची नाही, एवढंच तर शिकलोय मी.

घरी बायकोने विचारलं, “कुठला घेतला?” म्हटलं, दुकान बंद होतं.

चाळिशीनंतर तुमच्यापैकी कुणाचा या टॅबलेटवर हात वळलाय का? खरं सांगा, उगाच धीर देऊ नका.