छताचा आवाज

बंद पडलेल्या कोळसा खाणींची वारसा म्हणून नोंद करायचं काम माझ्याकडे आहे. परवाच्या खाणीत वाट दाखवायला तिथेच आयुष्यभर राबलेले शामरावकाका आले होते. तोंडाशीच थांबून त्यांनी काठीने छत ठोकलं आणि मान तिरकी करून ऐकलं. कामावर असताना ते रोज असंच करायचे. घट्ट छत खणखणतं, सुटलेलं बद्द वाजतं.

"बद्द वाजते," ते म्हणाले. "आत नका जाऊ जी."

माझ्या फॉर्मात स्थितीचा रकाना आहे. तिथे 'धोकादायक' लिहिलं की खाण यादीतून जाते, मग तिचं तोंड विटांनी बंद करतात. हे मी त्यांना सकाळीच सांगितलं होतं. त्यांना तर ही खाण नातवंडांना दाखवायची होती. खरं म्हणजे जपण्यासारखा होता तो त्यांचा कान, आणि कानासाठी माझ्या फॉर्मात रकानाच नाही.

"चांगलं वाजतंय म्हणाला असतात, तर मी तसंच लिहिलं असतं," मी चिडूनच म्हणालो.

"छताबद्दल खोटं नाही बोलत जी. खाली माणसं रायतेत."

खाली कित्येक वर्षांपासून नुसतं पाणी आहे.