पलीकडचं क्लिक

इंग्रजीत दोनदा नापास झाल्यावर मी दिंद्रुडला एसटीडी बूथ टाकला आणि आल्यागेल्याला इंग्रजी शिकवू लागलो. एक म्हातारी रोज दुपारी यायची. चिठ्ठीवरचा मुलाचा पुण्याचा नंबर मला लावायला सांगायची आणि रिसीव्हर पदरानं पुसून कानाला धरायची. मुलगा दोन वर्षं घरी आला नव्हता.

"नुस्तं टक् वाजतंय रे बाबा," ती एकदा म्हणाली.

"मावशी, त्याला क्लिक म्हणतात," मी ऐटीत सांगितलं. "फोन ठेवल्याचा आवाज. आवाजावरनंच नाव पडलंय."

"ठिवला म्हंजी माजं लेकरू हाय की तिकडं," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

महिनाभर ती क्लिक ऐकून समाधानानं परत जायची. मग एके दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मीच रोज फिरवत होतो त्या नंबरात एक आकडा कमी होता. फोन कुठं लागतच नव्हता.

तिला तसं सांगण्याआधी मी खात्रीसाठी स्वतः ऐकलं. क्लिक झालं. पण त्याच्या आधी कानाशी कुणीतरी हळूच श्वास सोडला.

मी रिसीव्हर तिच्या हातात दिला. आकड्याचं बोललोच नाही. बोललो असतो, तर मग तो श्वास कुणाचा, हे मला स्वतःला विचारावं लागलं असतं.