फेर्मिन सरांचा चौथा गोल

फेर्मिन सरांना आम्ही नेमलं ते केवळ ते स्पॅनिश होते म्हणून. याहून जास्त विचार आमच्यापैकी कुणीही केला नव्हता, आणि केला होता असं आज जो सांगतो तो थापा मारतो.

साल २०१३. सिंगापूरच्या मरीन परेडमधल्या आमच्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, आणि आसपास मिळून पंधरा-सोळा मराठी घरं. कुणी बँकेत, कुणी आयटीत, मी ऑडिटर. सगळ्यांची मुलं सात-आठ वर्षांची. एका रविवारी पोहे खाता खाता सगळ्यांना एकदम साक्षात्कार झाला की मुलांना गणिताची ट्यूशन आहे, हिंदीची आहे, पियानोची आहे, फक्त फुटबॉलची तेवढी राहून गेली आहे. स्पेन तेव्हा जगज्जेता होता. म्हणजे मास्तर स्पेनचाच हवा, हे ओघानंच आलं.

माझा नवरा निशिकांत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. तो कोथिंबीर आणायला निघाला तरी आधी एक्सेल उघडतो. त्यानं एका छोट्या फुटबॉल अकादमीशी बोलणं लावलं, टीमचं नाव ‘मरीन परेड मावळे’ ठरवलं आणि आमच्या हॉलमध्ये उभा राहून सरांचा सीव्ही मोठ्यानं वाचून दाखवला. फेर्मिन ओतेगी. व्यावसायिक फुटबॉल चौदा वर्षं, सामने तीनशे बारा, गोल चार.

“चारच?” प्रबोधनं विचारलं. प्रबोध बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि त्याचा वरुण आमच्या अवनीच्या वर्गात. आकडा ऐकला की तो त्याच्याकडे संशयानंच बघतो.

“डिफेंडर होता ना तो. पण स्पॅनिश आहे.”

विषय संपला. ते चार गोल नेमके कुठल्या जाळ्यात गेले, हे विचारायचं माझ्यासारख्या ऑडिटरलाही सुचलं नाही.

पहिल्या शनिवारी सर हौगांगहून दोन बस बदलून मैदानावर आले. अडतिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, डाव्या गुडघ्याला पट्टा, नाकावर सनस्क्रीनचा पांढरा थर. आल्या आल्या त्यांनी विचारलं, “मावळे म्हणजे काय?” निशिकांतनं इंग्रजीत ऐटीत सांगितलं, की मूठभर माणसं, डोंगरातला किल्ला, खाली हजारोंची फौज, आणि तरी किल्ला पडू न देणारे ते मावळे.

सरांचा चेहरा उजळला. “म्हणजे डिफेंडर! मग तुम्हाला मीच हवा होतो.”

आम्हाला गोल हवे होते.

आणि सरांनी शिकवलं काय, तर मागे पळायला. आपल्या पायातून बॉल गेला की सातही जणांनी तोंड फिरवायचं, आपल्या गोलपर्यंत धावायचं, खांबाला हात लावायचा आणि मग पुढचा विचार करायचा. दोन वर्षं हेच. आमच्या काही महागड्या शनिवारी तर मुलांना बॉल दिसलासुद्धा नाही. मावळ्यांचे सामने हटकून शून्य-शून्य सुटायचे. निशिकांतनं प्रगतीचा आलेख काढला होता, तो इतका सपाट होता की मी त्याला म्हटलं, याच्यावर पोळ्या लाट. २०१४च्या वर्ल्ड कपमध्ये स्पेन पहिल्याच फेरीत गारद झालं, तेव्हा प्रबोध सरांकडे असा बघत होता, जणू त्यांनीच संघ निवडला होता.

मला मात्र ते आवडायचे. पाण्याच्या बाटल्यांचं खातं माझ्याकडे असल्यामुळे मी बर्फाच्या पेटीवर बसून असायची आणि सर शेजारी उभे राहून माझ्या डब्यातला बटाटेवडा खायचे. “माझ्या आईच्या बटाट्याच्या ऑम्लेटचा हा भाऊ आहे,” असं म्हणून तिसरा उचलायचे. तुकड्यातुकड्यानं त्यांची गोष्ट मला कळत गेली. उत्तर स्पेनमधलं विल्यारेदो नावाचं लहानसं गाव. वडील मासे डबाबंद करायच्या कारखान्यात. गावचाच क्लब, तिसऱ्या श्रेणीतला. तेहतिसाव्या वर्षी ते सिंगापूरला दोन सीझन खेळायला म्हणून आले, गुडघा गेला, आणि ते इथेच राहिले.

“घरी का नाही गेलात?” मी विचारलं.

“तिथे मला सगळे ओळखतात, सुनेत्रा मॅडम.”

मला वाटलं, बढाई मारतायत. पुरुषमाणूस चाळिशीकडे झुकला की असं बोलतोच.

२०१५च्या जुलैमध्ये अकादमीचं पत्र आलं. सरांचा वर्क पास ऑगस्टअखेर संपत होता. त्यांच्या बाकीच्या बॅचेस एव्हाना फुटल्या होत्या, उरली होती फक्त आमची. पालकांनी पुढच्या दोन वर्षांसाठी लेखी मागणी केली तरच अकादमी पास वाढवून मागणार होती. नाहीतर सरांना गाशा गुंडाळून विल्यारेदोला परतावं लागणार होतं. प्रबोधकडे एका ब्राझिलियन कोचचा नंबर तयार होता. बरीच चर्चा होऊन ठरलं की बावीस ऑगस्टच्या आंतर-कॉन्डो स्पर्धेचा निकाल बघू आणि मग पत्राचं बघू.

निशिकांतला निर्णय माहितीच्या आधारे घ्यायचा असतो. म्हणून त्यानं सरांची पार्श्वभूमी तपासायला घेतली. नेमून दोन वर्षं झाल्यावर! आणि त्याला यूट्यूबवर ती क्लिप सापडली.

साल २००२. विल्यारेदोच्या क्लबचा शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी दुसऱ्या श्रेणीत बढती, गावाच्या इतिहासात पहिल्यांदा. शून्य-शून्य, शेवटची दोन मिनिटं. समोरच्यांचा फटका खांबाला लागून परत येतो, कुठूनसे पळत आलेले केसाळ तरुण फेर्मिन सर मध्ये येतात, बॉल त्यांच्या गुडघ्यावर आदळतो आणि आपल्याच जाळ्यात. समालोचक किंचाळतो. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, आणि खाली शेकडो कॉमेंट्स. निशिकांतनं त्यांचं भाषांतर करून घेतलं. विल्यारेदोत म्हणे कुणी चहात मीठ घातलं की ‘फेर्मिन केलास’ म्हणतात. एका बेकरीवाल्यानं लिहिलं होतं, की हा पाव घ्यायला आला की मी त्याला मागच्या दारानं देतो, कारण त्याला दिशा कळत नाही.

म्हणजे चारातला चौथा गोल हा होता. सरांनी तो सीव्हीत प्रामाणिकपणे धरला होता.

आम्ही दोघं हसून हसून सोफ्यावर आडवे झालो. इथवर ठीक होतं. पण माझ्या बोटांना खाज सुटली. मी ती क्लिप, खाली तीन हसरे चेहरे टाकून, पालकांच्या ग्रुपवर पाठवून दिली. आमचे ग्रुप दोन होते. एक ‘मावळे पालक’, आणि एक ‘मावळे पालक आणि कोच’.

हो. दुसऱ्यावर.

पाठवलेला मेसेज परत घ्यायची सोय तेव्हा नव्हती. निळ्या खुणा मात्र होत्या, आणि त्या एकेक करून उमटताना मी बघत बसले. वीस मिनिटांनी सरांचं उत्तर आलं. “शनिवारी सराव आठ वाजता. टोपी आणि पाणी आणावे.”

शनिवारपर्यंतच्या चार दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही. ‘तिथे मला सगळे ओळखतात’ याचा अर्थ मला आता कळला होता. दहा-अकरा हजार किलोमीटर लांब पळून त्यांनी एक जागा शोधली होती, जिथे ते फक्त ‘कोच’ होते. आणि ती मी एका अंगठ्यानं मोडली होती. निशिकांत म्हणाला, “अगं, चूक होते माणसाकडून.” मी त्याच्यावर इतकी खेकसले की तो बिचारा उगाचच भांडी घासायला गेला.

शनिवारी मी दोन डबे वडे घेऊन साडेसातलाच मैदानावर हजर. सर आले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात सगळी पोरं त्यांच्याभोवती जमली. क्लिप अर्थातच सगळ्यांनी आईबापांच्या फोनवर पाहिली होती. वरुणनं आडवळण न घेता अस्सल सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, “कोच, दॅट वन रिअली यू आह?”

“रिअली मी,” सर म्हणाले. “बसा. मॅडम, तुमचा फोन द्या. तुमच्याकडे आहे ना तो व्हिडिओ?”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी फोन दिला. सर गवतावर बसले, सात डोकी स्क्रीनवर वाकली. गोल झाला. पोरं खिदळली. सर पुन्हा दाखवत होते, हसू येईल तेवढं येऊ द्यावं अशा बेतानं. तिसऱ्यांदा अवनीनं त्यांच्या हातातून फोन घेतला, मागे नेला आणि स्क्रीनवर बोट ठेवून मोजायला लागली.

“कोच, गोलकीपर ऑलरेडी ऑन द फ्लोअर. यू वन मॅन ओन्ली रन बॅक. अदर्स ऑल शेक लेग, लाह!”

मी वाकून पाहिलं. ‘शेक लेग’ म्हणजे इथल्या बोलीत आरामात टिवल्याबावल्या करणं, आणि कार्टी खरं बोलत होती. तिकडच्या टोकाच्या कॉर्नरवरून बॉल हातचा गेला होता, आणि अख्खा संघ कमरेवर हात ठेवून तिकडेच उभा होता. साठ-सत्तर मीटर पळत मागे आला होता तो हा एकच माणूस. हिशेब तपासून पोट भरणाऱ्या मला हे दिसलं नव्हतं. मी हसण्यात गुंतले होते.

“पोस्टला हात लावायला विसरले ते,” वरुण गंभीरपणे म्हणाला.

सरांनी फोन घेतला आणि क्लिप आणखी एकदा पाहिली. मग म्हणाले, “मी आजवर यात फक्त माझा गुडघा बघत आलो.” आणि उठून शिट्टी मारली. माझी माफी राहूनच गेली. वडे मात्र त्यांनी पाच खाल्ले.

बावीस ऑगस्ट. सिंगापूरच्या स्वातंत्र्याची पन्नाशी नुकतीच साजरी झाली होती, गॅलऱ्यांमधून झेंडे अजून लटकत होते. मावळे तीन सामने शून्य-शून्य खेळून आणि पेनल्टीवर निसटून चक्क फायनलला पोचले होते. समोर पलीकडच्या कॉन्डोची पोरं, एकेक जण आमच्या दीडपट. शेवटच्या मिनिटाला शून्य-शून्यच होतं. आम्हाला कॉर्नर मिळाला आणि प्रबोधला राहवेना. “सगळे पुढे! सगळे पुढे!” तो ओरडला. सर काही बोलायच्या आत गोलकीपर सोडून सहाही पोरं पुढे गेली. बॉल निसटला. त्यांचा एक दांडगा पोरगा तो घेऊन सुसाट सुटला.

आणि माझा नवरा, ज्यानं आयुष्यात कधी मीटिंगमध्येसुद्धा आवाज चढवला नाही तो निशिकांत, खुर्चीवरून उठून बेंबीच्या देठापासून ओरडला, “मागे! मागे पळा रे!”

पण पोरं आधीच वळली होती. सहाच्या सहा. अवनीची वेणी सुटली होती, वरुणचा एक बूट मागेच राहिला होता, पण एकही थांबला नाही. फटका बसला, खांबाला लागला, परत आला, आणि तिथे एव्हाना आमचे सातही जण एकमेकांच्या अंगावर कोसळत पोचले होते. त्या पायांच्या गुंताड्यात बॉल कुणाला तरी लागला आणि आत गेला. आपल्याच गोलमध्ये. एक-शून्य. शिट्टी.

प्रबोध तरातरा मैदानात गेला. “कुणाचा पाय लागला?”

“माइन,” अवनी म्हणाली.

“नो लाह, माइन!” वरुण ओरडला.

मग सगळेच. गोलकीपरसुद्धा. माझा, माझा, माझा. वाढदिवसाच्या केकवरच्या फुलासाठी भांडतात तशी सात पोरं त्या गोलसाठी भांडत होती, आणि वरुण तर एका बुटानिशी बापासमोर छाती काढून उभा होता. प्रबोधनं त्याच्याकडे बघितलं. मग खाली बसून मैदानातला दुसरा बूट त्याच्या पायात घातला.

सर टचलाइनवर गवतात फतकल मारून बसले होते. हसत होते आणि डोळे पुसत होते. मीही रडत होते, लपवायचं कशाला.

मागणीचं पत्र तिथेच, बर्फाच्या पेटीवर लिहिलं गेलं. निशिकांत लॅपटॉप काढत होता, तो मी त्याला काढू दिला नाही. पहिली सही प्रबोधनं केली. ‘कारण’ या रकान्यात काय लिहावं यावर वाद झाला असता, पण त्यानंच दोन शब्द लिहून टाकले: ‘मुलं परततात’. सरांना दोन वर्षांचा पास मिळाला आणि ब्राझिलियनचा नंबर प्रबोधच्या फोनमध्येच राहिला.

त्या दिवशी निघताना सर माझ्यापाशी आले. “मॅडम, शेवटचा गोल कुणी शूट केला का?”

निशिकांतनं केला होता, अर्थात. “पाठवू?” मी विचारलं. “सर, त्या दिवशीचं—”

“पाठवा,” ते म्हणाले. “मला तो विल्यारेदोला पाठवायचाय. त्या बेकरीवाल्याला.”

मी नाव तीनदा वाचून व्हिडिओ सरांना, फक्त सरांना पाठवला. त्यांनी तो माझ्यासमोरच पुढे धाडला आणि खाली स्पॅनिशमध्ये काहीतरी टाइप केलं. न राहवून मी विचारलं, काय लिहिलंत?

“लिहिलं, हे माझे विद्यार्थी. आपल्या गोलपाशी किती जण आलेत, मोज.”