ओळखीचा आवाज

एक प्रकरण अजूनही मनातून जात नाही. कागदोपत्री तपास पूर्ण झाला होता, पण माझ्या हातून तो अर्धाच राहिला होता.

तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. बाजारपेठेतल्या एका कापड दुकानदाराचे बँक खाते कोणीतरी फोनवरून फसवून रिकामे केले. जबाबात त्याने सांगितले, बाई होती, आधी हिंदी बोलली, मग मराठी. आवाज गोड.

दुसऱ्याच दिवशी खबऱ्या आला. "साहेब, घाटनांदूरकडच्या एका खेड्यात पोरगी हाय. दिसभर कानाला यंत्र लावून बोलती. घडीत हिंदी, घडीत मराठी. आन् नाव बी भलतंच सांगती."

एवढे मला पुरले. सरकारी गाडी थेट तिच्या दारात उभी केली. महिला शिपायाने तिला बाहेर आणले, तेव्हा सगळी गल्ली जमली होती.

ती एका बँकेच्या कॉल सेंटरचे काम घरून करत होती.

"मग खोटं नाव कशाला?" मी दरडावले.

"ते कामाचं नाव हाय, साहेब. कंपनीच देती. चिडलेलं गिऱ्हाईक घर शोधत येऊ नये म्हणून."

मी आवाज चढवला की ती आपला आवाज उतरवायची. मला ती सराईत वाटली. समोरचा चिडला की आपण हळू बोलायचे, हे तिला कामावर शिकवलेले होते, हे मला नंतर कळले.

दुकानदाराला बोलावून तिला कामावरच्यासारखे बोलायला लावले. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

दुकानदार ताडकन उठला. "हाच आवाज, साहेब!"

तिनेही त्याचा आवाज ओळखला. मग म्हणाली, "काका, तुमी रडत होता ना? मी म्हनले, आधी पाणी प्या, मग कार्ड बंद करू."

दुकानदाराने विचारले, "पाणी प्या म्हणणारी तूच का गं?"

फसवणूक कळताच त्याने बँकेला फोन लावला होता. त्या घाबरगुंडीत हिंदी बोलणारी ठग आणि मराठीत धीर देणारी ही, दोघी त्याच्या डोक्यात एक झाल्या. बँकेकडचे ध्वनिमुद्रण मागवले, त्यातही तेच निघाले. आम्ही तिला सोडले. पण पोलीस चौकशी झाली म्हणून कंपनीने तिला कामावरून काढले.

ती वडिलांना, अण्णांना, घेऊन ठाण्यात आली. ते म्हणाले, "साहेब, गाडी घेऊन आलतात, तसंच एकदा गावात या. हिनं काही केलं न्हाई, एवढं चारचौघांत सांगा."

"तशी पद्धत नसते," मी म्हणालो.

निवृत्तीनंतर एसटीने त्या गावी गेलो. ती लातूरला एका दुकानात कामाला लागली होती. वडिलांनी फोन लावून दिला. मी चूक कबूल केली. ती म्हणाली, "माझं राहू द्या, साहेब. अण्णा तवापासून पारावर बसत न्हाईत. त्यास्नी तिथं बसवून या."

मी अण्णांना पारावर नेले आणि जमलेल्यांना सगळे सांगितले. मग एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "सरक की बे, अण्णाला जागा दे."

निर्दोष माणसाला ठाण्याच्या दारातून सोडून देणे पुरेसे नसते. जिथून उचलले, तिथपर्यंत त्याला पोहोचवावे लागते. हे मला वर्दी उतरवल्यावर कळले.