नोरीनने घेतलेलं माप

नोरीन अ‍ॅशवर्थने बत्तीस वर्षं इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी बुटांच्या दुकानात पोराबाळांच्या पायांची मापं घेतली. ते दुकान बंद पडलं, तेव्हा तिने त्याच गल्लीत इलेक्ट्रॉनिक सिगारेटींचं दुकान थाटलं. चर्चमधल्या बायकांनी नाकं मुरडली; त्यांची नजर चुकवायला ती बोळाने घरी जाऊ लागली. नोरीन म्हणाली, "न ओढणाऱ्याला मी विकणार नाही, आणि ओढणाऱ्याला चुकीच्या मापाची देणार नाही." देवासमोर दिलेला शब्द असावा तसा तिने तो पाळला.

एप्रिलमध्ये डेरेक क्लेग आला. छपरांवर कौलं बसवणारा धिप्पाड गडी, गावच्या बँडमध्ये हॉर्न हे पितळी वाद्य फुंकणारा. हल्ली चढावर वाजवत चालताना त्याला दम पुरेना. बँडमास्तरांनी बजावलं होतं, जूनमधल्या चालत वाजवायच्या स्पर्धेपर्यंत सिगारेट सोड, नाहीतर जागा सोड. चाळीस वर्षांची जागा!

नोरीनने त्याला पेन्सिलीएवढी बारकी इलेक्ट्रॉनिक सिगारेट दिली. चार दिवसांत स्वारी परत.

"बाई, ही लिपस्टिक दिसते. छपरावर पोरं हसतात. आणि जेवणाच्या सुट्टीआधीच हिची बॅटरी संपते."

मग तिने भली मोठी दिली. आठवड्याने तीही परत आली.

"खिसा लोंबतो. धूर इतका, की शेजारीण विचारते, घरात आगगाडी ठेवलीस काय!"

"आणि सिगारेट?"

"ओढतोय." डेरेकने मान खाली घातली. "राहू दे बाई. माझ्या मापाचं काही निघायचं नाही."

हे वाक्य नोरीनला झोंबलं. तो बाहेर पडला आणि दारातच त्याने सिगारेट शिलगावली. काचेतून ती बघत राहिली. पेटतं टोक तळहाताच्या आत, वरून मूठ झाकलेली. छपरावरच्या वाऱ्यात सिगारेट विझू नये म्हणून लागलेली सवय. नोरीनला स्वतःचाच राग आला. आधी पाय बघून मग बूट काढणारी ती, इथे हात न बघताच माल काढत होती!

"डेरेक! आत ये. हात पुढे कर."

"भविष्य सांगतेस की काय?"

"गप. मूठ मीट."

तिने फीत काढून तळहात मोजला आणि मागच्या फळीवरून एक बुटकी, साबणाच्या झिजलेल्या वडीसारखी गुळगुळीत काढली. मुठीत ती पार नाहीशी झाली. अंगठ्याजवळ ओढायचं टोक तेवढं बाहेर. बॅटरीही दिवसभर पुरणारी. डेरेकने एक झुरका घेतला. मूठ उघडून पुन्हा मिटली.

"हाताला ओळखीची वाटते गं," एवढंच म्हणाला.

जूनमध्ये स्पर्धेच्या दुपारी एकामागून एक बँड चढ चढू लागले. चर्चला जायची टोपी घालून नोरीन रस्त्याच्या कडेला उभी होती. डेरेक लालबुंद झाला होता, पण शेवटच्या उभ्या चढावरही त्याचा सूर तुटला नाही. सहा आठवड्यांत एकही सिगारेट नाही.

वर पोचल्यावर बँडमास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या वर्षीही जागा तुझीच."

डेरेकने हॉर्न नोरीनकडे वळवला. "यांचे आभार माना."

"माप माझं, फुंकर त्याची," नोरीन म्हणाली. पण घरी जाताना ती नेहमीच्या बोळाने गेली नाही. भर रस्त्याच्या मधोमध, ताठ मानेने चालत गेली.