पंपघरातून येणारा माझाच आवाज

ती घटना आठवली की आधी आठवते एक बाई. मी वायरलेसवर बोलत होतो, आणि ती माझ्या तोंडाकडे न पाहता टेबलावरच्या संचाकडे पाहत होती.

पालघर जिल्हा वेगळा होऊन दोनेक वर्षे झाली होती. डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. ठाण्याचे नाव देत नाही, माणसांचीही देणार नाही. हद्दीला लागून गुजरात आणि त्यापुढे दमण. दमणची स्वस्त दारू कधी चिकूच्या क्रेटखाली, कधी गवताच्या गाठींखाली, भरदिवसा आमच्या हद्दीतून पुढे जात असे. खबर पक्की असायची, आम्ही वेळेवर निघायचो आणि जागेवर रिकामा टेम्पो, नाहीतर नुसते चाकांचे ठसे मिळायचे. नऊपैकी सात छापे असे वाया गेले.

मला याद्या करायची सवय आहे. वहीत मी प्रत्येक छाप्यासमोर रकाने आखले होते: खबर कधी आली, निघालो कधी, कोणती गाडी, आणि छाप्याची माहिती कोणाकोणाला होती. शेवटच्या रकान्यात प्रत्येक वेळी तीच पाच नावे येत होती. फितुरी आतूनच आहे हे मी धरून चाललो. मग जो तो मला वेगळा दिसू लागला. चालक फोन आला की आंब्याखाली का जातो? ठाणे अंमलदार मी केबिनमध्ये शिरलो की रजिस्टर का मिटतो? पाचही जणांना मी छाप्याची पाच खोटी ठिकाणे सांगून पाहिली. एकाही ठिकाणी काही हालचाल झाली नाही. त्यामुळे संशय कमी व्हायला हवा होता, पण उलट मला वाटले की माणूस हुशार आहे.

मधले दोन छापे यशस्वी झाले होते. त्या दोन्ही दिवशी जीपमधला वायरलेस बंद होता. पण वहीत तो रकानाच नव्हता, म्हणून ते माझ्या डोळ्यांसमोर असून दिसले नाही.

ती बाई आली मोबाईल हरवल्याचा दाखला घ्यायला. चिकूच्या वाडीत रोजावर क्रेट भरणारी. मी संचावर गस्तीच्या गाडीला "पोहोचलात की कळवा" म्हणालो. ती हसली.

"हा आवाज तुमचाच," ती म्हणाली. "वाडीत येतो."

"कुठल्या वाडीत?"

"आम्ही जातो तिथं. पंपाच्या खोलीत. आधी तुमचा आवाज येतो, मग रखवालदार फोन लावतो. तुम्ही खोकता ना, तेपण येतं."

मी तिला बसायला सांगितले. ती बसली नाही. दाखला मिळेल ना, एवढेच तिने दोनदा विचारले. दाखला मी स्वतः लिहून दिला आणि वाडी कोणती ते विचारून घेतले. तिचे नाव कुठल्याही कागदावर येऊ दिले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळी, संच बंद ठेवून, दोन पंच खाजगी गाडीत घेऊन आम्ही त्या पंपघरावर गेलो. मोटारीच्या मागे, खताच्या गोणीआड, लोखंडी पेटीत एक रिसीव्हर होता. त्याला गाडीची बॅटरी आणि एक स्पीकर जोडलेला होता. बांबूला बांधलेली अँटेना छपरातून वर काढली होती. आम्ही पंचनामा करत असताना त्या स्पीकरमधून आमच्याच ठाण्याचा अंमलदार नाक्यावरच्या शिपायाला चहाबद्दल काहीतरी सांगत होता. पंच एकमेकांकडे पाहून गालात हसले. मला मात्र हसू आले नाही.

हा रिसीव्हर जुन्या पद्धतीचा, सुट्या कार्डांचा होता. प्रत्येक कार्डाचे काम ठरलेले. एक कार्ड हवेतला संकेत पकडते, एक शेजारच्या चॅनेलचा गोंगाट बाजूला सारते, एक त्याचा आवाज करते. नखाएवढा एक क्रिस्टल कोणता चॅनेल ऐकायचा ते ठरवतो. पण नुसता क्रिस्टल बसवून भागत नाही. कार्डावरच्या कॉइलचे स्क्रू केसभर फिरवून संच त्या चॅनेलला जुळवावा लागतो. जुळवणी चांगली असेल तर संचाचा कान तिखट होतो. वाईट असेल तर शेजारची गाडीसुद्धा ऐकू येत नाही.

या रिसीव्हरच्या प्रत्येक स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा थेंब होता.

तो थेंब पाहिला आणि माझ्या मनातली पाच नावे एकावर आली. आमच्या ठाण्यात वायरलेसचे काम पाहणारे एक हवालदार होते. पूर्वेच्या डोंगराकडच्या गावचे, घरी भात-नाचणीची शेती, निवृत्तीला अकरा महिने उरलेले. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही म्हणायचो. जीपच्या हादऱ्यांनी स्क्रू हलू नये म्हणून जुळवणी झाली की ते त्यावर नेलपॉलिशचा थेंब सोडत. तलासरीच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानातून ते लाल बाटली घेत, आणि त्यावरून शिपाई त्यांची थट्टा करत: "मास्तर, वहिनींना की संचाला?" जिल्ह्यात दुसरा कोणी असे करत असल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते.

रखवालदाराने जबाबात सांगितले की रिसीव्हर वाडीच्या मालकाने डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडून आणला. हा दुरुस्तीवाला धाकटी डहाणूच्या कोळ्यांच्या बोटींवरचे संच दुरुस्त करायचा. बोलणे अर्धे गुजराती, अर्धे हिंदी, पोलिसांशी मराठी. त्याने लपवाछपवी केली नाही. भंगारातून घेतले, म्हणाला, बॅटरी आणि स्पीकर जोडून दिले, बाकी कशाला हात लावला नाही.

"आणि साहेब, तुमचे ते वायरलेसवाले काका येतात ना, त्यांनी पण दोन नेले माझ्याकडून. सारखे विचारायला येतात, अजून आहे का, अजून आहे का."

मला दुसरा पुरावा नको होता. तरी रीतसर मास्तरांच्या क्वार्टरची झडती घेतली. सकाळचे अकरा वाजले होते. पोलीस लाइनमधल्या सगळ्या बाया दारात उभ्या राहिल्या. ट्रंक मास्तरांच्या बायकोनेच उघडली, वरच्या साड्या एकेक करून खाटेवर ठेवल्या आणि बाजूला झाली. तळाशी जुन्या खाकी शर्टात गुंडाळलेले दोन रिसीव्हर होते. त्यांच्याही स्क्रूवर लाल थेंब.

त्याच दुपारी मी मास्तरांना समोर बसवले.

"हे थेंब कोणाचे?"

"माझे."

"जुळवणी कोणी केली?"

"मीच केली, साहेब."

"कोणासाठी?"

"चोरी मी केलेली नाही," ते म्हणाले. "त्यापुढचं मला विचारू नका."

नोकरीत मी एक गोष्ट पक्की मानत आलो होतो: पुढचे विचारू नका म्हणणारा माणूस कोणाला तरी पाठीशी घालत असतो. तो अंदाज त्या दिवशीही खरा होता. फक्त पाठीशी कोणाला घालतोय हे मी चुकीचे धरले. दारूवाल्याला, असे मी धरले आणि निलंबनाचा प्रस्ताव टाइप करायला दिला. निवृत्तीच्या तोंडावर निलंबन म्हणजे काय हे पोलिसाला सांगावे लागत नाही. चौकशी वर्षानुवर्षे चालते आणि माणूस लाइनमधून मान खाली घालून बाहेर पडतो.

प्रस्तावाला तज्ज्ञाचे मत जोडायचे होते. जिल्ह्याच्या बिनतारी संदेश विभागातून एक तरुण उपनिरीक्षक मोजणीचे यंत्र घेऊन आले. माझ्या केबिनमध्ये त्यांनी पंपघरातला रिसीव्हर उघडला, क्षीण होत जाणारा संकेत देऊन तो कुठवर ऐकतो ते मोजले आणि आकडा सांगितला: ०.३५ मायक्रोव्होल्ट. हा आकडा जितका लहान तितका कान तिखट. मग गोंगाट दाबणाऱ्या कार्डाचा आकडा सांगितला. मी मास्तरांचे जुळवणी रजिस्टर पुढे ओढले. प्रत्येक रिसीव्हरचा क्रमांक, आकडे, तारीख, सही, सगळे त्यांच्या ठसठशीत अक्षरात होते. या क्रमांकापुढची शेवटची नोंद ठाण्यात वापर चालू असतानाची होती. दोन्ही आकडे तेच.

"साहेब, हा नंतर कोणी जुळवलेलाच नाही," उपनिरीक्षक म्हणाले. "स्क्रूला कोणी हात लावला असता तर नेलपॉलिशला तडा गेला असता. ठाण्यातून निघाला तसाच आहे. क्रिस्टलसकट."

"क्रिस्टलसकट कसा निघेल?"

"तेच तर. निर्लेखनाच्या, म्हणजे संच बाद करण्याच्या वेळी क्रिस्टल काढून समितीसमोर फोडतात, आणि मगच खोकी भंगारात जातात. फाइलीत दाखला असेल बघा."

फाइल माझ्याच कपाटात होती. जिल्हा नवा झाल्यावर नवे संच आले तेव्हा चार जुने रिसीव्हर बाद केले होते. दाखल्यात लिहिले होते, "चारही क्रिस्टल आमच्या समक्ष नष्ट करण्यात आले." खाली तीन सह्या होत्या. पहिली माझी.

मी त्या तारखेची स्टेशन डायरी काढली. त्या दिवशी सकाळपासून सगळे ठाणे बंदोबस्ताला गेले होते. मास्तरांची नेमणूक तलासरीला, माझी नाक्यावर. कारकुनाने बंदोबस्ताच्या जागी कागदांचा गठ्ठा आणला होता आणि मी जीपच्या बॉनेटवर एकामागून एक सह्या केल्या होत्या. क्रिस्टल मी कधी पाहिलेच नव्हते.

उपनिरीक्षक गेल्यावर मी मास्तरांना एकट्याला बोलावले आणि फाइल त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती वाचली नाही.

"दुसऱ्या दिवशी मी हातोडी घेऊन आलो," ते म्हणाले. "खोकी नव्हती. लिलाववाला घेऊन गेला होता. कागदावर फोडलेले, खाली तुमची सही. मी काय बोलणार? मग एक दिवस दुरुस्तीवाल्याकडे माझा लाल थेंब दिसला. चारही परत मिळाले असते तर फोडून टाकणार होतो. तुमचं नाव कुठंच आलं नसतं."

"आणि छापे रिकामे जात होते, तेव्हा?"

"शंका येत होती, साहेब. पण शंका सांगायची तर आधी तुमची सही दाखवावी लागली असती."

मला राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. त्यांनी वेळेवर तोंड उघडले असते तर दोन-तीन छापे तरी वाचले असते. पण साहेबाची चूक साहेबाला दाखवायची नसते, हे खात्यात त्यांना आमच्यासारख्यांनीच शिकवले होते. त्यांची चूक तेवढी. बाकी सगळी माझी.

चौथा रिसीव्हर कुठे होता ते दुरुस्तीवाल्यालाही सांगता येईना. तो आजवर मिळालेला नाही. म्हणजे पूर्ण उपविभागाचा चॅनेल बदलणे भाग होते, आणि त्यासाठी कारण लिहून द्यायचे होते. "तांत्रिक कारणास्तव" एवढे दोन शब्द पुरले असते. वर कोणी खोलात गेले नसते. मास्तरांच्या झडतीचा पंचनामा मात्र कागदावर तसाच राहिला असता. टाइप केलेल्या प्रस्तावावर मी "रद्द" लिहिले आणि अहवाल स्वतःच्या हाताने लिहिला: दाखला खोटा आहे, क्रिस्टल फोडले गेले नाहीत, पहिली सही माझी. मला लेखी ठपका मिळाला, तो माझ्या सेवापुस्तकात आहे. वाडीमालक आणि रखवालदार यांच्यावर गुन्हा दाखल झाला, दुरुस्तीवाला साक्षीदार झाला.

चॅनेल बदलल्यावर वापरातल्या संचांचे जुने क्रिस्टल फोडायचे होते. ठाण्याच्या आवारात मास्तरांनी दगड मांडला. प्रत्येक क्रिस्टलचा क्रमांक मोठ्याने वाचायचे, मी मान वर करेपर्यंत थांबायचे आणि मग हातोडी मारायचे.

"बघितलंत?"

"बघितलं."

"मग लिहा."

या प्रकरणाने मला जे शिकवले ते थोडक्यात सांगतो. संशय घेणे हे पोलिसाचे कामच आहे, त्याची मला लाज वाटत नाही. पण संशय ज्या माणसावर घेतो त्याच्या कामाची पद्धत आधी समजून घ्यावी. मास्तरांचा लाल थेंब मी गुन्ह्याची खूण समजलो. तो खरे तर त्यांच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होता, आणि तो वाचायला मला बाहेरचा माणूस बोलवावा लागला. त्यानंतर समक्ष हा शब्द ज्या कागदावर असेल त्यावर मी समोर पाहिल्याशिवाय सही केली नाही.

शेवटचा क्रिस्टल फुटल्यावर मी मास्तरांना म्हणालो की संध्याकाळी घरी येतो, वहिनींची माफी मागायची आहे. त्यांनी हातोडी फडक्यात गुंडाळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "संध्याकाळी नको. झडती सकाळी अकराला होती. त्याच वेळेला या."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी गणवेशात पोलीस लाइनमध्ये गेलो. दारांत बाया उभ्या होत्याच. मास्तरांच्या ओट्यासमोर उभा राहून मी म्हणालो की झडती चुकीच्या संशयावरून झाली, दोष माझा होता, मास्तरांचा नव्हता.

वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि लाइनच्या टोकाकडे पाहिले.

"जरा मोठ्यानं बोला, साहेब," त्या म्हणाल्या. "शेवटच्या खोलीपर्यंत गेलं पाहिजे."

मी पहिल्यापासून पुन्हा म्हणालो, मोठ्याने.